भोईरबाईंचा ढीग

माझ्या मागच्या खिडकीतून पूर्वी पेंढ्याचा एक ढीग दिसत असे. आता तिथे नव्या टॉवरच्या नमुना सदनिकेचा फलक आहे आणि फलकाखाली तीन शोभेची झाडे आहेत, ज्यांना कुणी पाणी घालत नाही. त्या झाडांविषयी मी बिल्डरला आजवर चार पत्रे लिहिली आहेत. ढिगाविषयी मी एकच लिहिले होते. ते ज्यांना लिहिले त्या डॉ. कुंदा भोईर यांच्याविषयी आज लिहायला बसलो आहे, आणि हे पत्र नसल्यामुळे सुरुवात कशी करावी हे मला नीटसे समजत नाही.

मी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो. त्याआधीची अनेक वर्षे मुद्देमालाच्या खोलीत काढली. जप्त झालेली वस्तू सोन्याची साखळी असो की रक्ताचे डाग पडलेला कोयता, तिची यादी करायची, ती कापडात शिवायची, लाखेची मोहोर लावायची आणि निकाल लागेपर्यंत तिला कोणाचाही हात लागू द्यायचा नाही, हे माझे काम. माझ्या ताब्यातून कधी एकही वस्तू गहाळ झाली नाही. हे वाक्य मी पूर्वी अभिमानाने उच्चारत असे.

बाळकुमला आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे भोईरांची भातशेती होती. भावांनी आपापले हिस्से विकले. बाईंनी मात्र कुंपणाच्या भिंतीपलीकडचे दोन खोल्यांचे कौलारू घर आणि पुढचे अंगण ठेवले. तिथे त्या आणि त्यांची वृद्ध आई राहत. आम्ही राहायला आलो त्या वर्षीच्या थंडीत एका पहाटे मी खिडकी उघडली, तर अंगणातल्या पेंढ्याच्या ढिगातून पांढरा धूर निघताना दिसला. मी सोसायटीचा सचिव होतो. आगीचा धोका, श्वसनाचे विकार, रोजचा धूर, शेजारधर्म असे सात मुद्दे काढून मी पत्र लिहिले आणि अंतर चाळीस पावलांचे असूनही ते रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवले.

उत्तर आले नाही. बाई आल्या. ठेंगण्या, काटक, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, हातात माझे पत्र.

"तुमचा तिसरा मुद्दा चुकलाय," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "तो धूर नाही, वाफ आहे. बाकीचे सहा मुद्दे धुरावर उभे आहेत. म्हणजे तेही पडले."

"याला पुरावा काय?"

"खाली चला. हात घाला."

मी खाली गेलो आणि बाही सरसावून मनगटापर्यंत हात त्या ओल्या पेंढ्यात घातला. बाहेर अंगावर शाल होती, आणि आत चहाच्या भांड्याला हात लागावा तशी ऊब. मी हात झटकन मागे घेतला.

"हे तापवतं कोण?"

"आत राहणारे. आधी बारीकसारीक जंतू येतात, ते गरम करून ठेवतात. मग माझी बुरशी येते. आपल्याला ताप चढला की आपण अंथरूण धरतो, नाझरसाहेब. हिचा दिवस तिथून पुढे सुरू होतो."

मी तक्रार लेखी मागे घेतली. तो कागद त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. कोणी आले की दाखवायच्या, "बघा, लेखी हरलेला माणूस."

डोंबिवलीच्या एका महाविद्यालयात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. निवृत्त माणसाला वेळ भरपूर आणि राग त्याहून अधिक, म्हणून त्यांच्या प्रयोगशाळेसाठी लागणारे अर्ज, स्मरणपत्रे, खुलासे मी लिहून देऊ लागलो. वीज वारंवार जात असे, त्याचे पत्र. छत गळत असे, त्याचे पत्र. आठवड्यातून दोनदा मी तिथे जाऊ लागलो. कोपऱ्यातल्या माझ्या लाकडी स्टुलाला तिथल्या विद्यार्थिनींनी 'काकांचं कोर्ट' असे नाव दिले.

त्यांचे काम काय, हे त्यांनी मला माझ्याच पत्रावरून समजावले. "एवढे कागद खाता तुम्ही. कागद पांढरा कसा होतो, ठाऊक आहे?" मला ठाऊक नव्हते. मग त्यांनी सांगितले की गवत, पेंढा, लाकूड यांच्या धाग्यांच्या मधोमध झायलन नावाचा एक पदार्थ असतो, विटांमधल्या चुन्यासारखा. तो सुटला की धाग्याचा तपकिरी रंगही सहज सुटतो. एरवी त्यासाठी कडक रसायने वापरतात आणि ते पाणी शेवटी कुठल्या तरी खाडीला मिळते. पेंढ्यातली बुरशी झायलन पचवण्यासाठी एक एन्झाइम बाहेर सोडते. झायलन तोडणारी कात्रीच म्हणा. कागदाचा लगदा कढत असतो, म्हणून कढत जागी राहणाऱ्या बुरशीची कात्री हवी. बाईंना अशी एक बुरशी आपल्याच अंगणात सापडली होती. तिची कात्री सत्तर अंशांवरही तासन्‌तास बोथट होत नसे. ती निर्भेळ वेगळी काढायची आणि तिचे सगळे गुणधर्म तपासून मांडायचे, हा त्यांचा आणि त्यांच्या विद्यार्थिनीचा, प्रज्ञा कांबळेचा ध्यास होता. प्रज्ञा कळव्याच्या चाळीतली. घरातली पहिली पदवीधर, आणि आता पीएच.डी. करणारी.

बाईंच्या काही सवयी मला अजून जशाच्या तशा दिसतात. ढिगाचे तापमान पाहताना त्या आधी कोपरापर्यंत हात घालून आकडा बोलत आणि मग थर्मामीटर खुपसत. दोन अंशांपेक्षा जास्त चुकलेल्या मी पाहिल्या नाहीत. चुकल्या तर थर्मामीटरकडे संशयाने बघत. बुरशीच्या काचनळ्या घरून कॉलेजात न्यायच्या तर स्टीलच्या डब्यात, आईच्या जुन्या लोकरी कानटोपीत गुंडाळून. एन्झाइम मात्र बर्फाच्या भांड्यात ठेवून, वर ओला पंचा टाकून, धावत. ते थंड खोलीत ठेवताना स्वतः स्वेटर घालत. नव्या मुलींना पहिल्या दिवशी एकच वाक्य पाठ करायला लावत, "एन्झाइम थंडीत, बुरशी उबेत. उलटं केलंत की दोघंही गेले."

हे वाक्य मी त्या स्टुलावर बसून किमान वीस वेळा ऐकले असेन.

एन्झाइम बुरशीच्या गाळलेल्या रसातून वेगळे काढायची पहिली पायरी मिठाची. खाण्याचे मीठ नव्हे, वेगळा क्षार, पण बाई त्याला मीठच म्हणत. रसात ते चिमूट चिमूट विरघळवत जायचे, मग एका टप्प्याला पाण्यात राहणे अशक्य होऊन प्रथिने खाली बसतात. एकदा कॉलेजात प्रदर्शन होते म्हणून बाईंनी आईला आणले. त्या माउलीची हयात खाडीकाठच्या मिठागरात गेली होती. तळव्यांना पडलेल्या भेगा तशाच होत्या. लेक बर्फातल्या काचपात्रात चमच्याने मीठ घालते आहे हे त्यांनी थोडा वेळ पाहिले, आणि प्राचार्यांसमक्ष म्हणाल्या, "कुंदे, सावकाश घाल गो. मिठाना घाई चालत नाय. घाई केलीस का गदळ बसतंय."

बाईंचा चमचा थांबला. त्यांनी खरोखरच वेग निम्म्यावर आणला. मग प्राचार्यांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "सर, या माझ्या गाइड."

त्यानंतर रस पातळ पिशवीत भरून थंड पाण्यात टांगून ठेवायचा, म्हणजे मीठ बाहेर जाते. मग तो बारीक मण्यांच्या उभ्या नळीतून थेंब थेंब गाळायचा, आणि खाली ओळीने लावलेल्या नळ्यांपैकी कुठल्या नळीत कात्री उतरली ते शोधायचे. त्यासाठी प्रत्येक नळीतला थेंब झायलनवर टाकून, पिवळे द्रावण घालून उकळत. साखर सुटली असेल तर पिवळ्याचा विटकरी रंग होई. रांगेत पिवळ्या, पिवळ्या, पिवळ्या नळ्या, आणि मधेच एकदम चार-पाच विटकरी. प्रज्ञा श्वास रोखून बघे. प्रत्येक पायरीला काहीतरी गळतेच. सुरुवातीच्या घागरीतून शेवटी वाटीभर उरते. मी एकदा म्हणालो की एवढे नुकसान कुठल्याही खात्यात चौकशीस पात्र ठरेल.

"ठरू दे," बाई म्हणाल्या. "उरलं ते तरी दुसऱ्या कोणाचं नाही."

ज्या दुपारी तपासणीच्या जेलवर निळ्या रंगात एकच स्वच्छ पट्टी उमटली, म्हणजे एन्झाइम निर्भेळ निघाले, त्या दुपारी बाईंनी तांदळाची भाकरी आणि सुकट काढली. मी सुकट खात नाही. माझ्यासाठी लोणच्याची फोड वेगळ्या डबीत आणलेली होती. पट्टी त्याच दिवशी उमटेल हे त्यांना सकाळी घरून निघतानाच माहीत होते की ती डबी त्या रोजच आणत होत्या, हे मी कधी विचारले नाही. विचारायला हवे होते.

बाई निवृत्त व्हायला आल्या आणि संस्थेच्या व्यवस्थापनाला जागा दिसली. प्रयोगशाळेचे दृक्‌श्राव्य दालन करायचे ठरले. तोंडी कळवण्यात आले की 'बुरशी लागलेल्या नळ्या' टाकून द्याव्यात. प्रज्ञाचे निम्मे काम अजून व्हायचे होते. ते त्याच एका बुरशीवर उभे होते. माझा संताप इतका अनावर झाला की त्या आठवड्यात मी नऊ पत्रे लिहिली. त्यावर व्यवस्थापनाने पवित्रा बदलला. नळ्या टाकायच्या नाहीत, पण त्या संस्थेची मालमत्ता आहेत, बाहेर नेता येणार नाहीत.

बाईंना या वादात रस नव्हता. "मी उद्या डबा घेऊन जाते, आणि कानटोपीत घालून घरी आणते. संपलं. अंगणातलंच आहे ते."

"बाई, ती चोरी ठरेल," मी म्हणालो. "तुमच्यावर फिर्याद करतील आणि प्रज्ञाचा प्रबंध अडकेल. कायद्याने जाऊ. न्याय आपल्या बाजूने आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या फायलीकडे. "बरं," म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तर कायद्याने."

विद्यापीठाच्या तक्रार समितीपुढे मी अर्ज केला. निकाल लागेपर्यंत सर्व नळ्या 'सुरक्षितपणे, शीतकपाटात, मोहोरबंद' ठेवाव्यात, ही विनंती शब्दशः माझी. समितीने ती शब्दशः मान्य केली. मोहोर लावण्याच्या दिवशी बाईंची आई रुग्णालयात होती, म्हणून त्यांचे अधिकारपत्र घेऊन मी गेलो. पंचनामा इतका निर्दोष केला की समितीच्या कारकुनाने प्रत मागून घेतली. बाई नेहमी नळ्यांचा दुसरा संच कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवत. तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. मीच दाखवला, मीच यादीत घातला. एक जरी नळी बाहेर राहिली तरी लपवल्याचा आरोप होईल, असे मला वाटले.

प्रज्ञा शेजारी उभी होती. "काका, फ्रिजमध्ये?" ती हळूच म्हणाली. "मॅडम तर ह्या बाहेरच ठेवतात. ही जात थंडीत मरते, काका."

"आदेशात तसंच आहे," मी म्हणालो. माझ्या हातात पेटती लाख होती. "आता मधे बोलू नकोस."

संध्याकाळी बाई रुग्णालयातून थेट माझ्याकडे आल्या. प्रज्ञाने फोन केला होता. त्या आत येऊन बसल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहून विचारले, "काढता येतील का त्या?"

तेव्हा कुठे ते वीस वेळा ऐकलेले वाक्य माझ्या कानापर्यंत पोहोचले. मी म्हणालो की उद्या सकाळीच दुरुस्तीचा अर्ज देतो.

"अर्ज चालेल किती दिवस?"

"सांगता येत नाही."

"आणि मोहोर तोडली तर?"

"आदेशाचा भंग. ज्याची सही, त्याच्यावर कारवाई."

"सही कोणाची आहे?"

"माझी."

जिन्यातला दिवा लागला. मग पदराने मान पुसत त्या म्हणाल्या, "मग राहू दे. जन्मभर जपलीत ती मोहोर. माझ्यापायी मोडायची नाही."

मी म्हणायला हवे होते की मोडा. मी त्याऐवजी अर्ज लिहायला बसलो.

त्या अर्जाचे उत्तर चार महिन्यांनी अंतिम निकालासोबतच आले. निकाल पूर्णपणे आमच्या बाजूने होता. समितीने संस्थेवर ताशेरे ओढले होते आणि त्यातली दोन वाक्ये माझ्या निवेदनातून उचललेली होती. आम्ही तिघे गेलो, मी मोहोर तपासली, ती अखंड होती. बाईंनी प्रत्येक नळीतला कण ताज्या खाद्यावर घालून पन्नास अंशांच्या उबवणपेटीत ठेवला. एरवी दुसऱ्या दिवशी पांढरट साय येते आणि मग ती काळपट होते. दुसऱ्या दिवशी काही नव्हते. तिसऱ्या, पाचव्या, आठव्या दिवशीही नव्हते. काचेवर फक्त वाफेचे थेंब. प्रज्ञा खिडकीकडे तोंड करून रडत होती. मी निकालाची प्रत हातात घेऊन स्टुलावर बसलो होतो.

बाईंनी पेटीचे दार लावले. "गेलं," म्हणाल्या. मग प्रज्ञाच्या पाठीवर थाप मारली. "ऊठ गो. जिथनं आलेलं तिथं जाऊ शोधायला. ढीग काय मोहोरबंद नाय केलेला कोणी."

यातला शेवटचा टोला मला होता. आयुष्यात मला त्यांनी दिलेली तेवढीच शिक्षा.

निकाल फक्त नळ्यांपुरता होता, प्रयोगशाळा वाचली नाही ती नाहीच, पण दुसऱ्या एका महाविद्यालयाने त्यांना कोपरा दिला. पुढच्या दोन हिवाळ्यांत बाई रोज पहाटे ढिगातून काड्या उचलत, उबवत, उगवलेले प्रत्येक वेगळे करून तपासत. बुरश्या पुष्कळ मिळाल्या. सत्तर अंशांवर टिकणारी ती मिळाली नाही. प्रज्ञाने शेवटी त्यातल्याच एकीवर प्रबंध पुरा केला. मला पेढे द्यायला आली तेव्हा म्हणाली, "हिचं एन्झाइम पासष्टला दमतं, काका. पण साठपर्यंत झकास चालतं." मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "मॅडमनी सांगितलंय, काकांनी सॉरी म्हटलं की विषय बदल." आणि तिने विषय बदलला.

बाईंच्या आई गेल्या. नंतर दीड वर्षात बाईही गेल्या, फार न सांगता, आठवडाभराच्या आजारात. तेव्हा मी मुलीकडे बंगळुरूला होतो. परत येईपर्यंत दिवसकार्य झाले होते आणि भावांनी अंगण मोकळे केले होते. टेंभी नाक्यावर त्यांचे थोरले भाऊ भेटले. "कुंदाचा त्यो कचरा काढाया दोन गाड्या लागल्या," ते म्हणाले. आतला पेंढा गरम होता का, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. मी नमस्कार करून पुढे गेलो.

बंगळुरूला निघायच्या सकाळचे मात्र सांगायला हवे. गारठा होता. मी टेबलाशी बसून एक पत्र पुरे करत होतो. कोणाला होते तेही आता आठवत नाही. खालून हाक आली, "नाझरसाहेब, भिंतीपाशी या जरा."

मी लेखणी ठेवून गेलो. त्या दिवशी गेलो, एवढे समाधान आहे. कुंपणाच्या भिंतीवरून फक्त त्यांचा अंबाडा, पेन्सिल आणि डोळे दिसत होते. चवड्यांवर उभ्या असाव्यात. त्यांनी एक पुडके भिंतीवरून माझ्या हातात दिले. आईच्या कानटोपीत गुंडाळलेली एक काचनळी होती, कापसाचे बूच लावलेली, आत काळपट साय.

"तीच आहे का?" मी विचारले.

"तीच असेल, नाहीतर तिची बहीण. परवा उगवली. तपासायची राहिलीय. एक प्रज्ञाकडे दिली, एक तुमच्याकडे असू दे."

"माझ्याकडे?"

"तुमच्या ताब्यातून काही गहाळ होत नाही म्हणता ना."

मी सवयीने म्हणालो, "थांबा, पोच लिहून देतो."

"पोच नको नि मोहोर नको. पुस्तकांच्या फळीवर ठेवा, उन्हापासनं लांब. प्रज्ञा येऊन ताजी करत जाईल." त्यांचे डोळे भिंतीआड गेले, आणि मग नुसता आवाज आला. "फक्त फ्रिजमध्ये ठेवू नका."

मी नळी घेऊन वर आलो. खिडकीतून पाहिले तेव्हा त्या ढिगापाशी पोहोचल्या होत्या. वाफ निघत होती. त्यांनी बाही वर सारली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मान किंचित कलती करून आकडा ठरवत उभ्या राहिल्या. थर्मामीटर अजून दुसऱ्या हातातच होता.